न केलेल्या कर्माचा दोष

ईरी सरोवराच्या पूर्व टोकाशी वसलेल्या बफेलो शहराच्या आसपास वर्षाकाठी सरासरी ९५ इंचांच्या घरात हिम पडते, आणि ऑक्टोबर सरत आला म्हणजे तेथील अनेक घरांच्या गॅरेजांत एक काम सुरू होते. उन्हाळाभर गवत कापीत फिरलेल्या छोट्या ट्रॅक्टरच्या पोटाखालचे कापणीचे डेक सोडवून बाजूला ठेवतात, त्याचा पट्टा उतरवून खुंटीला टांगतात, आणि भिंतीशी उभे करून ठेवलेले साडेतीन-चार फूट रुंदीचे पोलादी पाते पुढे ओढून ट्रॅक्टरला जोडतात. हे काम पाहणाऱ्याच्या मनात धर्मशास्त्राचा विचार यावा असे त्यात वरवर पाहता काहीच नाही. तथापि माणसाने जे केलेच नाही त्याचा दोष त्याला लागतो काय, या प्रश्नावर मीमांसक, वेदान्ती आणि नैयायिक यांच्यात जो दीर्घ वाद झाला, त्याचा निकाल यज्ञशाळेत जितका नीट लागेल तितकाच, किंबहुना अधिक स्पष्टपणे, या गॅरेजात लागेल अशी माझी खात्री झाली आहे. आणि ती का झाली हे सांगण्यासाठी प्रथम त्या पात्याकडेच थोडे सविस्तर वळले पाहिजे.

पाते ट्रॅक्टरच्या तोंडाला नुसते अडकवून भागत नाही. त्याच्यामागे एक लांब पोलादी चौकट असते. ती ट्रॅक्टरखाली सरकवावी लागते, तिची मागची टोके मागच्या आसाजवळच्या कंसांत गुंतवावी लागतात, मग पुढचा आडवा दांडा उचलून त्याच्या भोकांतून पिना आरपार घालाव्या लागतात, आणि प्रत्येक पिनेला तारेची क्लिप लावून ती निसटणार नाही याची खातरजमा करावी लागते. बनावटीगणिक तपशील बदलतो, परंतु भार मागे नेण्याचे हे तत्त्व बहुतेक ठिकाणी सारखेच आढळते, आणि त्याला कारणही तसेच आहे: या ट्रॅक्टरचा पुढचा आस मध्यावर एका खिळीवर झुलता बसवलेला असतो; खाचखळग्यांतून चाके वरखाली व्हावीत एवढ्याचसाठी तो तसा ठेवलेला आहे, बर्फाच्या राशीचा उलटा रेटा सोसण्यासाठी नव्हे. रेटणारे बळ मागच्या चाकांत उत्पन्न होते, म्हणून समोरून येणारा प्रतिकारही चौकटीवाटे तेथपर्यंतच पोचवावा लागतो.

चौकट बसली की पाते उचलण्याचा दांडा हाताच्या तरफेला किंवा हायड्रॉलिक यंत्रणेला जोडायचा. पात्याच्या पाठीशी जाड स्प्रिंगा ताणून बसवायच्या, म्हणजे बर्फाखाली दडलेला दगड किंवा फरसबंदीची वर आलेली कड लागताच पाते मोडण्याऐवजी पुढे झुकते आणि अडथळा ओलांडून पुन्हा उभे राहते. वाट खडीची असेल तर दोन्ही बाजूंचे टेकू खाली घेऊन पाते जमिनीपासून बोटभर वर ठेवायचे, नाहीतर बर्फाबरोबर खडीही लोटली जाते. आणि पात्याच्या खालच्या कडेला बोल्टांनी बसवलेली पट्टी झिजली असेल तर ती बदलायची, कारण पात्याऐवजी आपण झिजावे यासाठीच ती असते. एवढे झाल्यावर मागच्या चाकांना साखळ्या आणि त्यांच्यावर ओतीव लोखंडाची वजने. वजने नसतील तर चाके जागच्या जागी फिरत राहतात आणि खालचा बर्फ घासून आरशासारखा गुळगुळीत होतो. कित्येक जण टायरांतच कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण भरून घेतात, कारण ते जड असते आणि त्या थंडीत गोठत नाही.

माझ्या शेजारी राहणारे एक वृद्ध गृहस्थ हे सारे काम लख्ख उन्हाच्या दिवशी, मेपलची पाने अजून झाडावर असताना करतात. इतक्या लवकर कशासाठी, असे मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पिन गंजून बसली आहे हे मला आज कळायला हवं. त्या दिवशी कळून उपयोग नाही." या उत्तराकडे मला पुढे यावयाचे आहे.

'तो दिवस' म्हणजे काय हे महाराष्ट्रातील वाचकाला सांगणे अवश्य आहे. कॅनडाकडून येणारा शुष्क आणि अतिशीत वारा अजून न गोठलेल्या सरोवरावरून वाहू लागला म्हणजे खालच्या उबदार पाण्याची वाफ उचलतो, त्याचे ढग होतात, आणि किनारा लागताच ते ढग आपला भार टाकू लागतात. ईरी सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे लांबट पसरलेले असल्यामुळे वारा त्याच्या लांबीला धरून वाहिला की ढगांचा एक अरुंद पट्टा तयार होतो, आणि तो पट्टा ज्या गावावर स्थिरावेल त्या गावावर तासाला दोन-तीन इंच या वेगाने हिम कोसळते, तर काही मैलांवर ऊन पडलेले असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या दक्षिणेस ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग या गावांत असे सुमारे ८० इंच हिम पडले. माणूस उभा गाडला जाईल इतके ते होते. एवढे दरवर्षी पडत नाही. पण वीस मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशा साध्या घराच्या वाटेवर केवळ फूटभर ताजे हिम पडले तरी त्याचे वजन दीड-दोन टनांच्या आसपास भरते, आणि ते ओले असेल तर त्याच्या दुपटी-तिपटीने. ते फावड्याने उपसताना उतारवयातील माणसांच्या हृदयावर पडणाऱ्या ताणाविषयी तेथील डॉक्टर प्रत्येक हिवाळ्यात सावध करीत असतात.

आता या श्रमाचे स्वरूप पाहा. त्यातून काहीही निर्माण होत नाही. साफ केलेली वाट दुसऱ्या दिवशी पुन्हा भरते. जे उपसले ते एप्रिलमध्ये आपोआप वितळणारच असते. हिवाळ्याच्या अखेरीस हाती उरते ती झिजलेली पट्टी आणि इंधनाचे बिल. मीमांसकांनी विहित कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे तीन वर्ग केले आहेत. स्वर्ग, पुत्र, पर्जन्य अशा फळासाठी जे करावयाचे ते काम्य. सायंप्रातर होणाऱ्या अग्निहोत्रासारखे जे यावज्जीव करावयाचे ते नित्य. आणि ग्रहण लागले असता स्नान, अग्निहोत्र्याचे घर जळाले असता विशिष्ट इष्टी, असे जे एखादा प्रसंग आला म्हणजेच प्राप्त होते ते नैमित्तिक. हिम लोटणे हे आकाराने शुद्ध नैमित्तिक आहे: निमित्त येते, कर्म प्राप्त होते, ते केल्याने वेगळे फळ मिळत नाही. मग ते करावयाचे कशासाठी? मीमांसेच्या परंपरेने याचे उत्तर दिले आहे की ते न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष, उत्पन्न होतो, आणि तो टाळणे एवढेच त्याचे प्रयोजन होय.

श्रीशंकराचार्यांनी या उत्तरावर जो आक्षेप घेतला तो मला भारतीय तत्त्वचिंतनातील अत्यंत तीक्ष्ण आक्षेपांपैकी एक वाटतो. गीतेवरील भाष्यात आणि तैत्तिरीयोपनिषदावरील भाष्यात ते विचारतात की न करणे हा तर अभाव आहे, आणि अभावातून भावरूप असे पाप कसे उत्पन्न होईल? नसण्यातून असणे निघू लागले तर कार्यकारणाची सारी व्यवस्थाच उधळून जाईल. या युक्तिवादामागे त्यांचा हेतू उघड आहे: संन्यासी नित्यकर्मे सोडतो, आणि सोडण्यानेच जर पाप लागत असेल तर संन्यास हाच पापमार्ग ठरेल. परंतु हेतू काहीही असला तरी आक्षेपाचे बळ त्याने कमी होत नाही. माझ्या दारासमोर रात्री हिम पडले, ते मी पाडलेले नाही. सकाळी त्यावर बर्फाचा पातळ थर गोठला, तो मी गोठवलेला नाही. टपाल घेऊन येणारा माणूस त्यावरून घसरून पडला, त्याला मी ढकललेले नाही. त्या सबंध कारणपरंपरेत मी आहे कोठे? मी तर अंथरुणात होतो.

नैयायिकाचे समाधान एवढ्याने होत नाही. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमाञ्जली'त असे स्पष्ट मांडले आहे की भाव जसा कारण होऊ शकतो तसा अभावही होऊ शकतो. अग्नी जाळतो, परंतु दाह रोखणारा मणी जवळ असेल तर जाळीत नाही. म्हणजे प्रतिबंधकाचा अभाव हाही दाहाच्या कारणसामग्रीतला एक घटक मानावा लागतो. त्याच न्यायाने बर्फ, उतार, जोड्याचा तळवा आणि चालणाऱ्याची घाई यांच्याबरोबरच वाळू टाकलेली नसणे, पाते फिरलेले नसणे, हेही त्या पडण्याचे कारण होय. तर्क म्हणून हे निर्दोष आहे. परंतु दोष कोणाला द्यावयाचा हे त्यावरून ठरत नाही, कारण पाते मी फिरवले नव्हते तसेच ते समोरच्या घरातल्या माणसानेही फिरवले नव्हते, गावच्या पाद्र्यानेही नव्हते, आणि दिल्लीत बसलेल्या कोणा कारकुनानेही नव्हते. अभाव सर्वांच्या वाट्याला सारखा आहे. त्यातला एकच माझा का?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही, आणि ज्या भूमीत हे पाते फिरते तिच्या धर्मपरंपरेलाही तो चांगला परिचित आहे. याकोबाच्या पत्रात, चांगले काय ते ठाऊक असूनही जो ते करीत नाही त्याला ते पाप होय, असा निवाडा आहे. लूकच्या शुभवर्तमानातील दृष्टान्तात वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाला याजक आणि लेवी यांनी काहीही इजा केली नाही, ते केवळ बाजूने निघून गेले, आणि तेवढ्यावरच ते दोन हजार वर्षे अपराधी म्हणून उभे आहेत. अँग्लिकन पंथाच्या जुन्या प्रार्थनाग्रंथात सर्वांनी मिळून म्हणावयाचा जो पापांगीकार आहे, त्यात करावयाचे राहून गेलेल्या गोष्टींची कबुली आधी येते आणि नको त्या केल्याची नंतर. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. मात्र याकोबाच्या वाक्यातील 'ठाऊक असूनही' ही अट विसरून चालणार नाही. शंकराचार्यांच्या कोड्याची किल्ली तिच्यातच आहे असे मला वाटते.

धर्मशास्त्राने जे सूक्ष्मपणे चर्चिले ते कायद्याला दरवर्षी फिर्यादींच्या रूपाने सोडवावे लागते. मॅसॅच्युसेट्स राज्यात शतकाहून अधिक काळ असा नियम अंमलात होता की नैसर्गिकरीत्या पडलेले हिम आणि त्यापासून झालेला बर्फ जागेच्या मालकाने जसाच्या तसा राहू दिला, तर त्यावरून कोणी घसरल्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. परंतु त्याने ते हलवले, ढीग केला, आणि त्या ढिगामुळे धोका निर्माण झाला, तर ती कसूर त्याची. शंकराचार्यांचे तत्त्वच जणू न्यायालयाच्या दप्तरात दाखल झाले होते: अभावातून दोष नाही, दोष केवळ कृतीतून. याचा परिणाम असा की काहीही न करणाऱ्यास अभय आणि हातपाय हलवणाऱ्यास नोटीस. अखेर २०१० साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेदच रद्द केला. समोर आलेल्या प्रकरणात एका दुकानाच्या पार्किंगच्या जागेत एक माणूस बर्फावरून घसरला होता, आणि तो बर्फ लोटून रचलेल्या राशीतून निसटून पडलेला होता की त्या राशीचे पाणी वितळून, वाहून, पुन्हा गोठल्याने झालेला होता, आणि या दोहोंपैकी कशाला नैसर्गिक म्हणावे, याचाच काथ्याकूट करण्याची पाळी आली होती. न्यायालयाने ठरवले की बर्फ कोठून आला हा प्रश्न गौण आहे. मालकाने वाजवी काळजी घेतली होती की नाही, एवढेच पाहावयाचे.

करणाऱ्याच्या वाट्याला येणारे दोषही खरे आहेत, आणि ज्याने पाते चालवले आहे त्याला ते ग्रंथ न वाचता ठाऊक असतात. वाटेच्या चढाकडील बाजूला रास केली तर दुपारी तिचे पाणी वाटेवर उतरते आणि रात्री गोठते, म्हणून रास उताराकडेच करावी. डिसेंबरात आळसाने काठाशीच हिम सोडले तर तो काठ दगडासारखा गोठतो आणि फेब्रुवारीत लोटायला जागा उरत नाही, म्हणून पहिल्या हिमालाच दूरवर नेऊन टाकावे. रस्त्यापलीकडे लोटावे तर अनेक राज्यांत तो गुन्हा आहे. शेजाऱ्याच्या हद्दीत लोटावे तर तो अन्याय आहे. अग्निशामक दलाच्या नळावर लोटावे तर ते कोणाच्या तरी जिवावर बेतेल. हिम नाहीसे करता येत नाही, केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक आरंभाबरोबर दोष येतोच असे जे सांगितले आहे त्याचा हा रोजचा अनुभव. परंतु त्याच ठिकाणी, दोष आहे म्हणून सहज प्राप्त झालेले कर्म सोडू नये, असेही सांगितले आहे, आणि मॅसॅच्युसेट्सचा जुना नियम नेमके हेच विसरला होता.

आता मी माझ्या म्हणण्याकडे येतो. तैत्तिरीयभाष्यात शंकराचार्य केवळ आक्षेप घेऊन थांबत नाहीत. विहित कर्म न करणारा मनुष्य प्रायश्चित्ताला पात्र होतो असे मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सांगितले आहे, त्याची वाट काय, असा प्रश्न उरतो. त्यावर त्यांचे उत्तर असे की न करणे हे पापाचे कारण नव्हे, ते पूर्वी साचलेल्या दुरिताचे लक्षण होय. रोग जसा नाडीवरून कळतो, पण नाडी रोगाला जन्म देत नाही, तसेच हे. पुष्कळ अभ्यासकांना ही पळवाट वाटते. मला ती सत्याच्या अगदी जवळ गेलेली वाटते. फक्त ते 'पूर्वी' आचार्यांनी जितके दूर नेऊन ठेवले तितके दूर नेण्याची गरज नाही. ते पूर्वजन्मात नाही. ते ऑक्टोबरात आहे.

हिम पडलेल्या सकाळचा तो माणूस पाहा. दोन टन हिम दारात, डेक अजून ट्रॅक्टरखाली, पाते गॅरेजच्या कोपऱ्यात खोक्यांच्या मागे, पिन गंजून भोकात रुतलेली, गॅरेजचे दार बाहेरून गाडले गेलेले. त्या घटकेला तो खरोखरच काही करू शकत नाही, आणि जे करणे शक्य नाही ते न केल्याचा दोष त्याला देणे अन्यायाचे होईल. येथवर शंकराचार्यांचा पक्ष पूर्णपणे खरा आहे. पण त्या सकाळचे त्याचे न करणे हे एका आधीच्या गोष्टीचे चिन्ह आहे, आणि ती आधीची गोष्ट निव्वळ अभाव नव्हती. ऑक्टोबरच्या त्या उन्हाच्या दुपारी तो काहीतरी करीतच होता. हिम येणार हे ठाऊक असताना, पाना हाताशी असताना, त्याने ती दुपार दुसऱ्या कशाला तरी दिली. ती निवड होती, आणि निवड ही भावरूप क्रिया आहे. तेव्हा अभावातून भाव कसा निघाला या कोड्याचा उलगडा असा की तो निघालाच नाही. एका भावातून दुसरा भाव निघाला, आणि मधला अभाव केवळ त्यांच्यामधील वाट होती. नैयायिकाने कारण मानलेल्या असंख्य अभावांतून माझा कोणता हेही यावरून ठरते: ज्या अभावाच्या मागे माझी निवड उभी आहे तो माझा, पाद्र्याचा आणि दिल्लीच्या कारकुनाचा त्याच्याशी संबंध नाही.

यावर कोणी म्हणेल की मग ऑक्टोबरातल्या हयगयीलाही सप्टेंबरातले काही कारण असेल, त्याला त्याच्या आधीचे, आणि असे मागे मागे जात आपण पुन्हा पूर्वजन्मातच पोचू. ही अनवस्था थांबवणारी जागा मला याकोबाच्या त्या अटीत दिसते. ज्या क्षणी जाणीव आणि सामर्थ्य ही दोन्ही एकत्र होती तेथे थांबावे. त्याच्या मागे जाण्याचे प्रयोजन नाही. आणि ही जागा कधी कधी सापडतच नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १२ आणि १३ ऑक्टोबर २००६ रोजी बफेलोवर जवळजवळ दोन फूट ओले, जड हिम पडले. झाडांवर पाने तशीच होती, त्या पानांवर हिमाचा भार साचून हजारो झाडे मोडली आणि लाखो घरांची वीज गेली. त्या वर्षी कोणाचेही पाते जोडलेले नसेल तर त्यात कोणाचाही दोष नव्हता, कारण महिन्याच्या अखेरीस जोडणारा सर्वांत दक्ष मनुष्यही त्या तारखेला वाजवी काळजीच्या हद्दीतच होता. तसेच डिसेंबर २०२२ च्या नाताळातील हिमवादळाचे, ज्यात ईरी परगण्यात चाळीसहून अधिक माणसे दगावली. वाऱ्याने उडणाऱ्या हिमात समोरचा हात दिसत नव्हता, रुग्णवाहिकाच वाटेत अडकून पडत होत्या, आणि अशा वादळापुढे बागेतल्या ट्रॅक्टरची मातब्बरी ती काय. दोषाचा विचार करणाऱ्याने निर्दोषतेच्या सीमाही तितक्याच काळजीने आखल्या पाहिजेत, नाहीतर त्याचा विचार नुसता ठपका ठेवण्यापुरता उरतो.

मीमांसेने या बाबतीत एक फार दयाळू नियम सांगितला आहे. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात असा विचार आहे की काम्य कर्म सर्व अंगांसह पार पडले तरच फळ देते, परंतु नित्य कर्म यथाशक्ती करावे. जी अंगे जमणार नाहीत ती राहिली तरी प्रधान कर्म सोडू नये. ज्याच्याजवळ ट्रॅक्टर नाही, पाते नाही, कमरेत बळ नाही, त्याने दारापासून रस्त्यापर्यंत फावड्याने एका माणसापुरती वाट काढली आणि तिच्यावर थोडी वाळू टाकली, तर त्याचे कर्तव्य पूर्ण झाले. चार फूट रुंद पाते असलेल्याहून ते तसूभरही उणे नाही. पण हाच नियम दुसऱ्या बाजूने कठोर होतो. ज्याच्याजवळ पाते आहे त्याची शक्ती चार फुटांची आहे, आणि त्याचे 'यथाशक्ती' तेथूनच मोजावयाचे. जोडणी पुरी होताच तो आपल्या वाटेपुरता अधिकारी राहत नाही. पलीकडच्या घरात एकटी राहणारी वृद्धा आहे, तिच्याकडे रुग्णवाहिका यावयाची झाली तर ती कोठून येणार, हा प्रश्न काल तिचा होता. आज तो त्याचाही झाला. मला हे पात्याचे ओझे वाटत नाही, त्याचा मोठेपणा वाटतो. माझे शेजारी आपली वाट झाल्यावर पात्याचा कोन बदलून रस्त्याच्या त्या अंगाची तीन घरे साफ करतात, आणि त्याबद्दल कोणी काही देऊ केले तर त्यांना ते आवडत नाही.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त संन्यासपर अर्थाविरुद्ध जो सारा भर दिला आहे तो लोकसंग्रहावर: ज्ञान्याला स्वतःसाठी काही मिळवावयाचे उरले नसले तरी लोकांसाठी कर्म करणे सुटत नाही. शंकराचार्यांचा संन्यासी नित्यकर्म सोडून निर्दोष राहू शकतो, हे मी मान्य करतो, कारण त्याने घर सोडले आहे, दार सोडले आहे, आणि म्हणून दारासमोरची वाटही सोडली आहे. परंतु ज्याने घर ठेवले, दारावर क्रमांक लावला, टपालाची पेटी उभारली, म्हणजे लोकांनी माझ्याकडे यावे असे जाहीर केले, त्याला हिम पडल्याच्या दिवसापुरता संन्यास घेण्याची मुभा नाही. बोस्टन शहराचा नियम हिम थांबल्यापासून तीन तासांत पदपथ मोकळा करावयास सांगतो. ती मुदत कायद्याला सोयीची आहे, कारण घड्याळ लावून ती तपासता येते. धर्माची मुदत मात्र त्याच्या कितीतरी आधी चालू झालेली असते. कोकणात मृगापूर्वी घरे शाकारून, आगोट भरून ठेवणाऱ्या पिढ्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही; गळके छप्पर जूनमध्ये गळते, पण ते मेमध्ये शाकारायचे असते, हे त्यांच्या हाडीमाशी होते.

राहता राहिला एक प्रसंग, आणि तो या विचाराची खरी कसोटी आहे. ढगांचा तो पट्टा अरुंद असल्यामुळे एखाद्या हिवाळ्यात एखाद्या गावाला तो चुकतोच. शेजारच्या गावात छपरे खचतात आणि येथे पाते जमिनीला टेकवण्याचा प्रसंगही येत नाही. मग ऑक्टोबरातली ती दुपार, त्या साखळ्या, ती वजने, हे सारे व्यर्थ गेले काय? मीमांसकाच्या हिशेबाने निमित्तच आले नाही, तेव्हा नैमित्तिक कर्म प्राप्तच झाले नाही. त्याने जे केले ते ना कर्तव्य होते ना अकर्तव्य. येथे मी मीमांसकाशी असहमत आहे. पाते जोडण्याचे निमित्त हिम पडणे हे नव्हते; हिम पडू शकते ही जाणीव आणि आपल्या दारावरून लोक येतात-जातात ही वस्तुस्थिती, हे त्याचे निमित्त होते, आणि ती दोन्ही त्या कोरड्या हिवाळ्यातही संपूर्णपणे उपस्थित होती. म्हणून हिम लोटणे नैमित्तिक असले तरी पाते जोडणे नैमित्तिकात मोडत नाही. ते नित्य आहे, असे माझे म्हणणे आहे. रोज न होणाऱ्या, वर्षातून ठरलेल्या ऋतूतच येणाऱ्या कर्माला नित्य कसे म्हणावे, अशी शंका कोणी घेईल, तर नव्या धान्याचे आग्रयण आणि ऋतुसंधीला होणारे चातुर्मास्य याग यांना श्रौत परंपरेने नित्यांतच स्थान दिलेले आहे.